अणू एकेक करून चुंबक बांधताना खरं अवघड काय असतं?

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अणू एकेक उचलून चुंबक बांधतात ते नेमकं कसं, आणि त्यात अवघड काय? किती अणू लावले की त्याला ‘क्वांटम’ म्हणायचं? आणि दहा-बारा स्पिनचं, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांचं, गणित लॅपटॉपवर सुटत असेल तर हा खटाटोप कशासाठी? मी बरीच वर्षं एसटीएमवर, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपवर, हेच काम करते आहे. तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

आधी प्रश्न थोडा वळवून घेते. अणू हलवणं हा आता यातला अवघड भाग राहिलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत डॉन आयग्लर आणि एर्हार्ड श्वाइझर यांनी निकेलवर झेनॉनचे ३५ अणू मांडून कंपनीचं नाव लिहिलं, ते काम १९९० साली छापून आलं. १९९३ मध्ये तिथेच तांब्यावर लोखंडाच्या ४८ अणूंचं कुंपण उभं राहिलं. आज नव्या विद्यार्थ्याचा हात काही महिन्यांत बसतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: जे बांधलं ते तुम्ही वहीत लिहिलेल्या हॅमिल्टोनियनप्रमाणे, म्हणजे ऊर्जेच्या समीकरणाप्रमाणे, वागतंय, हे कशावरून? वहीत फक्त स्पिन असतात आणि त्यांना एकमेकांशी बांधणारी एक्सचेंज जोडणी ‘जे’ असते. प्रत्यक्षात खाली धातू आहे, मध्ये थर आहे, वर एसटीएमची टोकदार सुई, म्हणजे टिप, आहे, भोवती तापमान आहे. हे सगळे न बोलावता समीकरणात येऊन बसतात. माझं निम्म्याहून जास्त काम त्यांचा हिशेब लावण्याचं असतं.

पृष्ठभागापासून सुरुवात करू. स्पिन असलेला अणू थेट धातूवर ठेवला तर धातूतले वाहक इलेक्ट्रॉन त्याला स्वस्थ बसू देत नाहीत, आणि पुरेशी थंडी असेल तर तो स्पिन झाकूनच टाकतात. सोन्यावर किंवा तांब्यावर ठेवलेल्या कोबाल्टमध्ये दिसणारा कोंडो परिणाम तो हाच. म्हणून अणू आणि धातू यांच्यामध्ये पातळ थर घालतात. दोन थर जास्त वापरात आहेत. तांब्यावर नायट्रोजन घुसवून तापवलं की तयार होणारा एका अणूच्या जाडीचा कॉपर नायट्राइड, आणि चांदीवर वाढवलेला मॅग्नेशियम ऑक्साइडचा दोन-तीन पदरी थर. थर जाड केला तर स्पिन जास्त वेळ टिकतो, पण टिपमधून जाणारा प्रवाह आटतो. पातळ केला तर प्रवाह भरपूर, पण स्पिन क्षणात विसरतो. हा सौदा दर प्रयोगात करावा लागतो, आणि सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर त्याला नाही.

पृष्ठभागाची दुसरी अट जागेची. तो इडलीपात्रासारखा असतो: अणू खळग्यातच बसणार, दोन खळग्यांच्या मधे नाही. चांदीवरच्या मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये शेजारच्या दोन ऑक्सिजनमधलं अंतर सुमारे ०.२९ नॅनोमीटर आहे. टायटॅनियमचा अणू ऑक्सिजनच्या डोक्यावर बसतो किंवा दोन ऑक्सिजनच्या मधल्या पुलावर. म्हणजे दोन अणूंमध्ये मिळू शकणारी अंतरं ठरलेलीच, आणि एक्सचेंज तर अंतराबरोबर घातांकी वेगाने घसरतं. त्यामुळे ‘जे’ हवा तसा सलग फिरवता येत नाही. यादीतल्या किमतींमधून निवडावा लागतो, आणि ती यादी आधी जोड्या बांधून, मोजून तयार करावी लागते. अणू जरा लांब ठेवले तर एक्सचेंज जवळपास संपतं आणि उरतं ते चुंबकीय द्विध्रुवांचं आपसातलं बळ. ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरतं. दोन स्पिन-अर्धे (१/२ किमतीचे, सगळ्यात लहान स्पिन) एक नॅनोमीटरवर असतील तर ते सुमारे ५२ मेगाहर्ट्झ भरतं. हा आकडा पाठच करून ठेवा, बरेचदा कामाला येतो.

आता प्रत्यक्ष कृती. चेंबरमध्ये निर्वात १०⁻¹⁰ मिलिबारच्या आसपास किंवा त्याहून चांगलं लागतं. १०⁻⁶ ला पृष्ठभागावर साधारण सेकंदाला एक थर गॅस साचू शकतो, यावरून अंदाज येईल. नमुना अतिशय थंड असतानाच त्यावर लोखंड आणि टायटॅनियमचे मोजके अणू उडवतात, म्हणजे ते पडले तिथेच राहतात, गोळा होत नाहीत. मग टिपने चित्र घेतलं की उंचवटे दिसतात. हवा तो टायटॅनियम निवडायचा, टिप बरोबर त्याच्यावर नेऊन थांबवायची, टिपची उंची आपोआप राखणारा फीडबॅक बंद करायचा, टिप जवळजवळ टेकेपर्यंत खाली आणायची, काही शे मिलिव्होल्टचा झटका द्यायचा आणि वर घ्यायची. पुन्हा चित्र काढलं की उंचवटा गायब. अणू आता टिपच्या टोकाशी आहे, म्हणून चित्राची धारही बदललेली असते. नवीन जागेवर नेऊन असंच सोडायचं. कधी तो शेजारच्या खळग्यात उतरतो, मग पुन्हा उचलायचा. यात कौशल्य आहे, पण गूढ काही नाही. लोखंडाचे काही अणू टिपवरच चिकटवून ठेवले आणि चुंबकीय क्षेत्र लावलं की टिप स्वतःच चुंबकीय होते, स्पिनची दिशा वाचू लागते. किती अणू चिकटवले की टिप ‘लागते’ याला नियम नाही. एकदा लागली की मात्र तिला विनाकारण कुठे टेकवायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे.

याच पायरीवर पहिली गडबड लपलेली असते. निर्वात कितीही चांगलं केलं तरी थोडा हायड्रोजन उरतोच, आणि टायटॅनियमला तो फार प्रिय. मॅग्नेशियम ऑक्साइडवरचा जो टायटॅनियम आम्ही स्पिन-अर्धा म्हणून वापरतो तो बहुधा हायड्रोजन चिकटलेला टायटॅनियम असतो. चित्रात हायड्रोजन वेगळा दिसत नाही, पण स्पिन बदलतो. त्यामुळे मी कुठलीही रचना बांधायच्या आधी त्यात जाणारा प्रत्येक अणू एकटा असताना मोजून घेते. उंची आणि वर्णपट दोन्ही पटले तरच तो कामाचा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि निबंधात याला एक ओळ मिळते, पण पुढच्या सगळ्याचा भरवसा त्यावर असतो.

मोजायचं कसं, तर मुख्यतः दोन वाटा. पहिलीत टिपचं व्होल्टेज वाढवत न्यायचं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा स्पिनला वरच्या अवस्थेत ढकलण्याइतकी झाली की टनेलिंगला, म्हणजे टिप आणि नमुन्यामधली पोकळी ओलांडायला, एक जादा मार्ग उघडतो आणि वहनाच्या आलेखात पायरी दिसते. पायरी जिथे, तिथे उत्तेजनाची ऊर्जा. या वाटेची मर्यादा तापमान ठरवतं: ४.२ केल्विनला ती पायरी सुमारे २ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी पसरते, अर्ध्या केल्विनला सुमारे ०.२३. दुसरी वाट २०१५ साली अल्माडेनमध्येच खुली झाली. टिपवर मायक्रोवेव्ह व्होल्टेज देऊन एकाच अणूचा इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे नेमकी वारंवारिता जुळली की स्पिन उलटतो. तिथे रेषेची रुंदी काही दहा मेगाहर्ट्झ असते, आणि २४ मेगाहर्ट्झ म्हणजे ०.१ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट. पहिल्या वाटेपेक्षा हजारो पट बारीक.

पहिल्या वाटेचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण २००६ चं आहे. सायरस हिरजीबहेदीन, क्रिस्टोफर लुट्झ आणि आंद्रेयास हाइनरिख यांनी कॉपर नायट्राइडवर मँगनीजच्या साखळ्या बांधल्या, दहा अणूंपर्यंत. मँगनीजचा स्पिन पाच द्वितीयांश, आणि शेजारी एकमेकांच्या उलट दिशा पसंत करतात. अणूंची संख्या सम असेल तर स्पिन एकमेकांना पूर्ण फेडून एकूण स्पिन शून्य होतो. विषम असेल तर पाच द्वितीयांश शिल्लक राहतो. आलेखांत हा सम-विषम फरक सरळ दिसतो: विषम साखळीत शून्य व्होल्टजवळच हालचाल असते, सम साखळीत तिथे सपाट आणि पायरी लांब. जोडीमध्ये ही पायरी बरोबर ‘जे’ वर येते. तिथून ‘जे’ सुमारे ६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट निघाला.

इथे तुम्ही वहीवर करून पाहा. तीन अणूंची साखळी घ्या, तोच ‘जे’ ठेवा. टोकाच्या दोन स्पिनची बेरीज करून, मग मधला त्यात जोडून ऊर्जा काढल्या तर पहिली उत्तेजित अवस्था अडीच ‘जे’ वर येते. म्हणजे जोडीत सहाच्या आसपास दिसलेली पायरी तिकडीत पंधरा-सोळाच्या आसपास दिसायला हवी, आणि त्यासाठी नवीन कुठलाही आकडा बसवायची परवानगी नाही. ‘कशावरून?’ या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: लहान रचनेवरून आकडे ठरवायचे, मोठ्या रचनेचं भाकीत आधी लिहून ठेवायचं, मग मोजायचं. मोठ्या रचनेवर थेट पाच आकडे बसवून आलेख जुळवला तर तो जुळणारच, पण त्याने काही सिद्ध होत नाही. प्रत्येक लांबीसाठी नवा ‘जे’ बसवलेला निबंध दिसला की मी तो जपून वाचते.

दुसरा प्रश्न, किती अणू लावले की क्वांटम. संख्या हा निकषच नाही. त्याच कॉपर नायट्राइडवर, त्याच प्रयोगशाळेत, २०१२ साली लोखंडाच्या बारा अणूंचा, सहा-सहाच्या दोन ओळींचा, एक बिट बांधला गेला. असे आठ बिट म्हणजे ९६ अणूंत एक बाइट. त्यातही शेजारी उलटसुलटच होते, पण तो वागला अगदी अभिजात, म्हणजे रोजच्या बिगर-क्वांटम चुंबकासारखा: वर-खाली-वर-खाली ही एक मांडणी किंवा तिची उलटी, आणि कमी तापमानात तासन्‌तास तशीच. कारण लोखंडाला या पृष्ठभागावर एक ठरावीक दिशा फार आवडते. दोन मांडण्यांमधून आरपार जाणं त्यामुळे दुर्मिळ होतं, आणि जे काही मिश्रण तयार होऊ पाहील ते खालच्या धातूतले इलेक्ट्रॉन जणू सतत मोजून मोडून टाकतात. मँगनीजला अशी दिशेची ओढ फार कमी. म्हणून अणू जवळपास तितकेच, पण एक साखळी क्वांटम आणि दुसरी साठवणीची डबी.

मग क्वांटम म्हणजे काय, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण चार स्पिन-अर्ध्यांचा चौकोन. चारी बाजूंना समान ‘जे’, कर्णांवर काही नाही. स्पिन एकाआड एक वर-खाली ठेवले तर चार बाजूंची मिळून ऊर्जा वजा १ ‘जे’. समोरासमोरच्या दोन बाजूंवर दोन सिंगलेट (एकूण स्पिन शून्य असलेल्या) जोड्या केल्या तर वजा दीड ‘जे’, म्हणजे त्याहून खाली. आता जोड्या आडव्या करायच्या की उभ्या? दोन्हींचं सुपरपोझिशन, म्हणजे क्वांटम मिश्रण, घेतलं तर ऊर्जा वजा २ ‘जे’ होते, आणि हीच खरी ग्राउंड स्टेट, म्हणजे सर्वात कमी ऊर्जेची अवस्था. फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये त्रिकोणी जाळीसाठी मांडलेली रेझोनेटिंग व्हॅलेन्स बाँडची कल्पना इथे तिच्या सगळ्यात लहान रूपात आहे. २०२१ साली मॅग्नेशियम ऑक्साइडवर टायटॅनियमचे चार अणू दोन-बाय-दोन मांडून, स्पिन रेझोनन्सने ही रचना तपासली गेली. चौकोनाच्या बाजू अणूंच्या जागा बदलून असमान करता येतात, त्यामुळे आडव्या जोड्यांकडून उभ्या जोड्यांकडे जाणारी वाटही चालून पाहता येते.

इथे तापमानाचा हिशेब आडवा येतो, आणि नवीन लोक नेमके इथेच फसतात. १ केल्विन म्हणजे सुमारे २१ गिगाहर्ट्झ. ‘जे’ त्याहून बराच लहान असेल तर रेझोनन्सने तो सुंदर मोजता येतो, पण चौकोन ग्राउंड स्टेटमध्ये नसतो, सोळाच्या सोळा अवस्थांत थोडा थोडा विखुरलेला असतो. तुम्ही हॅमिल्टोनियन मोजलेला असतो, ग्राउंड स्टेट बनवलेली नसते. ‘जे’ खूप मोठा असेल तर ग्राउंड स्टेट आपोआप मिळते, पण ती शून्य स्पिनची सिंगलेट असल्याने रेझोनन्सला तिच्यात पकडायला काही उरत नाही, आणि वरच्या अवस्था रेडिओच्या टप्प्याबाहेर जातात. तिथे पुन्हा पायऱ्यांची वाट धरावी लागते. मधला पट्टा गाठायचा तर यंत्र आणखी थंड हवं: हिलियम-३ ने ०.४ केल्विनच्या आसपास, डायल्यूशन फ्रिजने त्याहून खाली. ‘आम्ही अमुक अवस्था साकारली’ असं वाक्य वाचलं की आधी ‘जे’ आणि तापमान यांचा भागाकार करा.

उरली टिप. चुंबकीय टिप ज्या अणूवर उभी असते त्याच्यावर ती स्वतःचं क्षेत्र लादते, आणि टिप खाली आणली की हे क्षेत्र झपाट्याने वाढतं. चौकोनाचे चार कोपरे सारखे बांधले तरी ज्या कोपऱ्यावर टिप आहे तो वेगळा पडतो. बघण्याच्या कृतीनेच सममिती मोडते. उपाय दोन. एक जुना: टिप वेगवेगळ्या उंचीवर ठेवून मोजायचं, आलेख टिप नसण्याच्या टोकापर्यंत लांबवायचा, आणि हे चारी कोपऱ्यांवर करायचं. दुसरा नवा: टिप एका ‘संवेदक’ अणूवरच ठेवायची आणि दूरच्या स्पिनना शेजारी ठेवलेल्या लोखंडाच्या अणूंच्या क्षेत्राच्या साहाय्याने हलवायचं. सोलच्या इव्हा महिला विद्यापीठातल्या क्वांटम नॅनोसायन्स केंद्रातून २०२३ मध्ये असा अनेक क्युबिटांचा (क्वांटम बिटांचा) मंच प्रसिद्ध झाला. मला ही दिशा जास्त पटते, कारण मोजायचा स्पिन टिपखाली गुदमरत नाही.

कोणता मंच घ्यावा, हे तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर आहे. दिशेची ओढ मुद्दाम हवी असेल तर कॉपर नायट्राइडवर कोबाल्ट घ्या. डेल्फ्टच्या गटाने २०१६ मध्ये अशा साखळ्यांना आडवं क्षेत्र लावून क्वांटम क्रिटिकॅलिटीचं, म्हणजे उष्णतेने नव्हे तर क्षेत्राने घडणाऱ्या अवस्थाबदलाचं, प्रतिमान उभं केलं. दिशेची ओढ अजिबात नको असेल तर मला धातूच्या अणूंपेक्षा कार्बन बरा वाटतो. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेतल्या गटाने २०२१ मध्ये सोन्यावर ट्रायअँग्युलीन या त्रिकोणी रेणूच्या साखळ्या जोडल्या. प्रत्येक रेणू स्पिन-एक, पण साखळीच्या दोन्ही टोकांना मात्र स्पिन-अर्धा दिसतो, आणि मधल्या भागात ऊर्जेची दरी, म्हणजे ग्राउंड स्टेट आणि पहिली उत्तेजित अवस्था यांच्यातलं अंतर. डंकन हाल्डेन यांनी १९८३ मध्ये पूर्णांक स्पिनच्या साखळीसाठी वर्तवलेली दरी ती हीच. तिथे अणू उचलावे लागत नाहीत, रसायनशास्त्रज्ञ पूर्वरेणू बनवून देतात आणि पृष्ठभाग तापवला की साखळी जुळते. जादा हायड्रोजन बसवून ठेवलेले रेणू मग टिपने एकेक ‘जागे’ करता येतात. मोबदल्यात ‘जे’ बदलण्याची मोकळीक कमी.

तिसरा प्रश्न रोखठोक आहे, उत्तरही तसंच देते. आज बांधल्या जाणाऱ्या बहुतेक रचना लॅपटॉप सोडवू शकतो. दहा स्पिन-अर्ध्यांच्या १०२४ अवस्था, वीसच्या साडेदहा लाख. मँगनीजच्या दहा अणूंच्या सहा कोटींहून जास्त, तरीही आवाक्यात. चाळीस स्पिन-अर्ध्यांना मात्र एक लाख कोटीच्या वर अवस्था, आणि तिथे मोठमोठे संगणकही दमतात. तेवढे स्पिन बांधून, थंड करून, एकेक वाचणं अजून जमलेलं नाही. संगणकावर मात करणं हे कारण म्हणून कोणी सांगितलं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

मला स्वतःला दोन गोष्टी बांधून ठेवतात. स्फटिकात न्यूट्रॉन सोडून मोजलं तर अब्जावधी साखळ्यांची सरासरी मिळते. त्यातली एक साखळी कुठे तुटली आहे, टोकाशी काय चाललं आहे, हे त्यात विरघळून जातं. इथे टोकाच्या अणूवर टिप ठेवा, मग शेजारच्यावर, उत्तेजन कुठे जास्त आहे ते अणूगणिक दिसतं. एक अणू काढून दोष तयार करा, पुन्हा बसवून दुरुस्त करा. आणि दुसरी म्हणजे लॅपटॉपवरचे दहा स्पिन एकटे असतात, माझे नसतात. धातू, प्रवाह, टिप यांच्या संगतीत सिंगलेट किती नॅनोसेकंद तग धरतो, आणि कशामुळे मोडतो, हे गणित दहा स्पिनसाठीही सोपं नाही.

तुमच्याकडे यंत्र नाही असं तुम्ही लिहिलं आहे. भारतात कमी तापमानाचे एसटीएम मोजक्या ठिकाणी आहेत. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ३५० मिलिकेल्विन आणि ९ टेस्लाचं यंत्र उभारलं गेलं आहे, त्यावर मुख्यत्वे अतिवाहकांचं काम होतं. पण चुंबक असो की अतिवाहक, निर्वात, थंडी आणि टिप हाताळण्याचं शिक्षण तेच. प्रकल्पासाठी तिथे अर्ज करायला हरकत नाही. तोवर चार स्पिनच्या चौकोनाचा सोळा-बाय-सोळा मॅट्रिक्स स्वतः लिहा, तयार पॅकेज न वापरता. आडव्या बाजूंना एक ‘जे’ आणि उभ्यांना दुसरा द्या. उभा शून्य केला की सर्वात खालची ऊर्जा वजा दीड यायला हवी, दोन्ही सारखे केले की वजा २. ते जुळलं की एका कोपऱ्यावर छोटं क्षेत्र लावा, म्हणजे टिप आली असं समजा, आणि रेझोनन्सच्या रेषा कशा सरकतात ते पाहा. रेषा फुटलेल्या दिसल्या आणि कारण सापडलं नाही, तर मॅट्रिक्स इथेच टाका, बघू.